कारणांचा रकाना

जालन्याच्या एमआयडीसीला खेटून आमची शाळा.
दोन खोल्या स्लॅबच्या, दोन पत्र्याच्या.
पाचवी अ स्लॅबखाली, पाचवी ब पत्र्याखाली.
असं कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं,
पटावर ज्याचं नाव उशिरा चढलं तो ब,
आणि रोलिंग मिलवर कामाला आलेल्यांची पोरं
उशिराच येतात.

मार्चमधली चाचणी. गणित.
गठ्ठा घेऊन मी रात्री ओट्यावर बसले.
शिवकन्याची पहिली चार उदाहरणं अशी
की लाल पेनाला काम नाही.
पाचव्यात हातचा विसरली.
सहाव्यात सहाचा नऊ.
सातव्याच्या जागी घामाचा ओघळ,
त्यात शाई पसरून
नकाशातल्या तालुक्यासारखा डाग.

आरेफचा पेपर काढला. पाचव्यापासून तेच.
मग वैजंतीचा. मग सगळ्या ब तुकडीचा.
मी बोटांवर वेळ मोजली:
पेपर बाराला सुरू झाला,
पाचवं उदाहरण म्हणजे साडेबारा.
साडेबाराला पत्रा तडतडायला लागतो,
पंखा असला तर गरम हवाच ढवळतो,
आणि नसला तर
आपला आवाज आपल्यालाच लांबून येतो.

वरून छापील तक्ता आलेला.
मूल मागे का? एकावर खूण करा:
अनियमित हजेरी.
पालकांची उदासीनता.
आकलन कमी.
मी दोनदा वाचला, मागे उलटून बघितला.
पत्रा नव्हता त्यात.
गुरुवार नव्हता,
टँकर गुरुवारी येतो आणि त्या दिवशी पोरी
दुसऱ्या तासाला येतात,
खांद्यावरची ओढणी ओली.

वैजंतीला विचारलं होतं मी एकदा,
काऊन गं, पाढे केले नाहीस?
"केले ना बाई. घरी येतेत.
इथं बसलं की उडून जातेत."
कुठं?
तिनं मान वर केली.

आरेफचा बाप, कादरभाई, भट्टीवर असतो.
त्याला सांगितलं तर हसला नाही.
"बाई, लोखंड पंधराशेला वितळतं.
पोरगं बेचाळीसलाच."
रविवारी दोन गोण्या चुना घेऊन आला,
स्वतः चढला पत्र्यावर,
खाली आला तेव्हा भुवयांसकट पांढरा.
पोरं त्याला बघून इतकी हसली
की शेवटी तोही.

एप्रिलचा पेपर मी सकाळी साडेसातला घेतला,
मागच्या लिंबाखाली, गोणपाटावर.
मुंग्या चावल्या. एकाचा पेपर शेळीनं हुंगला.
चाळीसपैकी तुकडीची सरासरी
एकोणीसवरून चोवीसवर.
अ तुकडीची सव्वीस होती.

केंद्रप्रमुख आले. चष्मा वर सरकवून म्हणाले,
"बाई, उघड्यावर बसवलं होतं म्हणे.
बघाबघी तर झाली नाही ना?"
मी काही बोलले नाही.
दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले.
चुका बघा साहेब, म्हटलं.
मागच्या खेपेला सगळी एकाच जागी चुकली होती,
एकच घाट, एकच दरड,
सगळ्यांची गाडी तिथंच.
या खेपेला
शिवकन्या भागाकारात चुकलीय,
आरेफ घाईत,
वैजंतीला लिटर-मिलिलिटर कळलेलंच नाही.
पहिल्यांदा प्रत्येक पोर
आपापल्या जागी चुकलंय.
हे मला शिकवता येतं.

ते बराच वेळ बघत राहिले.
मग वर पत्र्याकडे बघितलं,
रुमाल काढून मान पुसली,
"तक्ता मात्र भरून द्या," म्हणाले.

तक्ता तसाच पडलाय टेबलावर.
सोनाजीला लिंबाखालीही अकराच मिळाले.
सावली होती, सकाळ होती, टँकरचा वार नव्हता.
त्याचं कारण मला सापडलेलं नाही.
रविवारी त्याच्या घरी जाणार आहे.
घर कुठलंय विचारलं तर
त्यानं नुसता हात केला,
भोंगा वाजतो तिकडं.